मॉल, पार्सल आणि पुलगावचा बाजार

वर्धा नदीच्या काठी वसलेल्या पुलगावात बंदिस्त मॉल नाही. मोठा मॉल पाहायचा तर रेल्वेने सुमारे एकशेदहा किलोमीटर जाऊन नागपूर गाठावे लागते. ऑनलाइन मागवलेली पार्सले मात्र ४४२३०२ या पिनकोडावर नेमाने येतात. मुंबई-पुण्यात आधी मॉल आले आणि त्यांच्या मागून ऑनलाइन विक्री आली. पुलगाव, देवळी, आर्वी, धामणगाव अशा गावांत मधली पायरी आलीच नाही. मॉलच्या भवितव्याची चर्चा बहुधा महानगरांपुरतीच होते, आणि त्यामुळे ती अपुरी राहते. मॉलने ग्राहकाला नेमके काय दिले, त्यातले ऑनलाइन विक्रीने काय नेले आणि उरले ते लहान गावाने कुठून आणायचे, हे मॉल नसलेल्या ठिकाणाहून जास्त स्वच्छ दिसते.

पूर्ण छताखालचा, बाराही महिने एकाच तापमानाचा बाजार ही कल्पना जेमतेम सत्तर वर्षांची आहे. नाझींच्या काळात व्हिएन्ना सोडून अमेरिकेत गेलेले वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन यांनी मिनेसोटातील एडाइना येथे साउथडेल सेंटर उभारले. ते ८ ऑक्टोबर १९५६ रोजी खुले झाले. विखुरलेल्या अमेरिकी उपनगरांना युरोपातल्या नगरचौकासारखी माणसे भेटण्याची जागा मिळावी, अशी ग्रुएन यांची इच्छा होती. प्रत्यक्षात विस्तीर्ण पार्किंगच्या मधोमध उभी असलेली दुकानांची पेटी तयार झाली आणि उतारवयात त्यांनी स्वतःच तिच्याशी नाते तोडले. भारतात हा प्रकार १९९९ मध्ये दिल्लीच्या अन्सल प्लाझा आणि मुंबईत हाजी अलीजवळच्या क्रॉसरोड्स या मॉलपासून रुजला. क्रॉसरोड्समध्ये सुरुवातीला इतकी गर्दी उसळली की मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्यांना आत जाण्यासाठी साठ रुपये मोजावे लागत. हाच मॉल पुढे दुसऱ्याला विकला गेला, त्याचे नाव बदलले आणि अखेर तो ओस पडला. तो विकला गेला त्या वेळी ऑनलाइन विक्री आजच्या इतकी पसरलेलीही नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

महाराष्ट्रात मॉलचे नाते गिरणीशी आहे. लोअर परळची फिनिक्स मिल १९०५ मधली. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाची घडी मोडली, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींना दुसरी वाट मोकळी केली आणि फिनिक्सच्या आवारात दुकाने, खाद्यगृहे, चित्रपटगृहे आली. नागपूरची कहाणी याहून जुनी. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरिया भारताची सम्राज्ञी झाल्याच्या दिवशी सुरू झाली. विदर्भाच्या काळ्या मातीतला कापूस तिच्या चात्यांवर सूत होऊन निघत असे. गिरणी बंद पडल्यावर तिच्या जमिनीवर जे बांधकाम झाले त्यात एम्प्रेस मॉल आहे. जिथे नागपूरकर कापड विणत होते, तिथे ते तयार कपडे विकत घेऊ लागले.

पुलगावातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कापडगिरणी होती. हावडा-मुंबई लोहमार्ग, आर्वीकडे जाणारी छोटी रेल्वे आणि भोवतालचा कापूस यांनी हे गाव वाढवले. ती गिरणीही बंद झाली, पण तिच्या जागी मॉल आला नाही. यात पुलगावचे काही उणे नाही. मॉलला आसपास लाखोंची वस्ती आणि तिच्या हातात महिन्याकाठी उरणारा पैसा लागतो. तीसेक हजारांच्या गावाला वातानुकूलन यंत्रणेचे वीजबिल भागवणेही शक्य नाही. गिरणी गेल्याने पगाराच्या दिवशी बाजारात येणारा पैसा मात्र गेला. तो कोणत्याही ऑनलाइन कंपनीच्या आधी गेला.

मॉलचा धंदा वस्तू विकण्याचा नसून जागा भाड्याने देण्याचा आहे. एखादे मोठे वस्त्रदालन किंवा किराणा-बाजार कमी भाड्यात आणायचा, त्याच्यासाठी येणारे लोक वाटेतल्या छोट्या दुकानांपुढून जातील अशी रचना करायची आणि त्या छोट्या दुकानांकडून चढे भाडे घ्यायचे, हे त्याचे गणित. दुकानदार ठरलेले किमान भाडे देतो किंवा विक्रीचा ठरावीक हिस्सा, यांपैकी जे जास्त असेल ते. देखभालीचा खर्च वेगळा. कोणते दुकान कुठे बसवायचे, कोणते काढायचे, जिने-सरकते पट्टे कधी दुरुस्त करायचे हे एका मालकाच्या हाती असेल तरच हे गणित जमते. महाराष्ट्रात अनेक विकासकांनी लवकर पैसा मोकळा करण्यासाठी गाळे सुटे विकले. मग शेकडो मालक, प्रत्येकाचे मत निराळे, देखभालीची वर्गणी थकलेली आणि एका रांगेत तीन मोबाइलची दुकाने, दोन बंद शटर, असे चित्र झाले. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये रुग्णालय चालत होते. २५-२६ मार्च २०२१ च्या रात्री तिथे लागलेल्या आगीत कोविडचे रुग्ण दगावले. मॉल म्हणून मेलेली इमारत उभीच राहते आणि तिच्यात काय चालते याकडे लक्ष ठेवणारे कोणी उरत नाही, हा धोका या घटनेने दाखवला.

चाळीस टक्क्यांहून अधिक जागा रिकामी असलेल्या मॉलना मालमत्ता व्यवसायात ‘घोस्ट मॉल’ म्हणतात. नाइट फ्रँक या सल्लागार संस्थेच्या पाहणीनुसार भारतातल्या आठ प्रमुख शहरांत असे मॉल २०२२ मध्ये ५७ होते, ते २०२३ मध्ये ६४ झाले. त्याच काळात फिनिक्स समूहाच्या मॉलमधील दुकानांची एकत्रित विक्री वाढत गेली आणि २०२४-२५ मध्ये ती साडेतेरा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली. पुण्यात वाकडला त्यांचा मिलेनियम मॉल २०२३ मध्ये उघडला. मे २०२३ मध्ये नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट हा केवळ मॉलचे भाडे गुंतवणूकदारांत वाटणारा देशातला पहिला न्यास शेअर बाजारात आला. ऑनलाइन विक्रीने सगळ्यांनाच सारखे मारले असते, तर एकीकडे ओसाडी आणि दुसरीकडे भरभराट दिसली नसती. मोठे, एकहाती चालवलेले मॉल तगतात आणि छोटे, सुटे विकलेले मॉल बुडतात. ऑनलाइन विक्रीने त्यांचे बुडणे लवकर घडवले, इतकेच.

घरबसल्या माल मागवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. टपाल खात्याची व्ही.पी. पद्धत १८७७ मधलीच, म्हणजे एम्प्रेस मिलच्या वयाची. माल दारात आल्यावर पोस्टमनच्या हातात पैसे ठेवायचे, ही सोय ऑनलाइन कंपन्यांनी नव्याने शोधलेली नाही. मराठी पुस्तके, मासिके, औषधे कित्येक दशके व्ही.पी.नेच खेडोपाडी गेली. ज्या सहा आकड्यांवर आजची सगळी पार्सले धावतात तो पिनकोडही श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून आला. संस्कृतात काव्य-नाटके लिहिणारे वेलणकर तेव्हा केंद्रीय दळणवळण मंत्रालयात होते, आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ही पद्धत अमलात आली. ४४ हे आकडे विदर्भाचे, ४४२ वर्धा-चंद्रपूर-गडचिरोलीचे आणि शेवटचे तीन नेमक्या टपाल कार्यालयाचे. बंगळुरूत २००७ मध्ये निघालेल्या फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल मिळाल्यावर पैसे देण्याची मुभा दिली, ॲमेझॉन जून २०१३ मध्ये भारतात उतरली, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने इंटरनेट स्वस्त केले आणि त्याच वर्षी यूपीआय आले. यानंतर पुलगाव आणि पुणे एकाच दुकानाचे गिऱ्हाईक झाले.

या दुकानाने मॉलमधले आधी काय नेले ते पाहिले की पुढचा अंदाज बांधता येतो. गाण्यांच्या सीडीची दालने आधी गेली, मग पुस्तकांची बरीचशी, मग मोबाइल आणि घरगुती उपकरणांची विक्री घटली. ज्या वस्तूचा नग सगळीकडे एकसारखा, ती हाताळून पाहण्याची गरज नसते. अंगावर चढवून पाहायची, चवीची किंवा वासाची वस्तू सहजी जात नाही. म्हणूनच चष्मे विकणारी लेन्सकार्ट आणि सौंदर्यप्रसाधने विकणारी नायका या इंटरनेटवर जन्मलेल्या कंपन्यांनी शेकडो दुकाने थाटली आणि ॲपलने एप्रिल २०२३ मध्ये भारतातले आपले पहिले दालन मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मॉलमध्ये उघडले. टाटांची झुडिओ ही कपड्यांची साखळी तर ऑनलाइन विकतच नाही, तरीही मार्च २०२५ अखेर तिची साडेसातशेहून अधिक दुकाने झाली होती. दुकान आणि पार्सल यांचे वैर जितके सांगितले जाते तितके नाही.

कोविडने मात्र मॉलला जबर धक्का दिला. मार्च २०२० मध्ये बंद झालेले राज्यातले मॉल ५ ऑगस्टला उघडले, तेही चित्रपटगृहांविना. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंदी आली आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही लसमात्रा घेतलेल्यांनाच प्रवेश मिळाला. या बंदीत फ्युचर समूह कोसळला. त्याचे बिग बाजार हे मध्यमवर्गाला मॉलमध्ये ओढून आणणारे मुख्य दुकान होते. समूह रिलायन्सला विकायला निघाला तेव्हा ॲमेझॉनने करारभंगाचा दावा लावला, आणि वाद चालू असतानाच फेब्रुवारी २०२२ मध्ये थकलेल्या भाड्यापोटी रिलायन्सने बरीच दुकाने ताब्यात घेतली.

अमेरिकेत शेवट अधिक उघड झाला. ओहायोतील रँडल पार्क मॉल १९७६ मध्ये उघडला तेव्हा जगातला सर्वांत मोठा म्हणून गाजला. तो पाडून त्या जागी २०१८ मध्ये ॲमेझॉनचे गोदाम सुरू झाले. महाराष्ट्रात याच्याशी मिळतेजुळते काही दिसते ते भिवंडीत. यंत्रमागांच्या या गावाभोवती आता गोदामांची वस्ती पसरली आहे. मुंबई-पुण्यात दहा-वीस मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या कंपन्यांना गल्लीबोळांत साठवणुकीच्या जागा हव्या आहेत आणि बंद पडलेल्या छोट्या मॉलचे तळमजले त्यासाठी सोयीचे आहेत. ओस मॉलपैकी काही असे गोदाम होतील, काही कार्यालये, काही शिकवणी वर्ग. उरलेले पाडले जातील.

पुलगावच्या बाजारापुढचा प्रश्न वेगळा आहे. या बाजाराचे दोन आधार आहेत. एक, लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार. तिथे बदलीवर येणारी कुटुंबे देशाच्या कानाकोपऱ्यातली असतात. गावातल्या दुकानात न मिळणारी वस्तू ती पार्सलने मागवणार, हे स्वाभाविकच आहे. दुसरा आधार शेतकरी. सोयाबीन-कापसाचा चुकारा हाती आला की वर्षाची कापडखरेदी होते, आणि तो येईपर्यंत दुकानदाराची वही चालते. लग्नाचा बस्ता बांधायला घरची दहा माणसे गादीवर बसतात, दुकानदार साडीची घडी मोडून पदर उलगडतो, आजीला रंग पटत नाही, नवरीला काठ पटत नाही. चौथ्या-पाचव्या साडीवर एकमत होते, आणि फॉल-पिको कधी मिळेल हे ठरवूनच मंडळी उठतात. पैसे काही आज, काही कापूस विकल्यावर. कोणत्याही ॲपने दिलेल्या हप्त्याला बँक खाते आणि ठरलेली तारीख लागते. पावसावर अवलंबून असलेली तारीख तिथे चालत नाही. पोळ्याच्या आधी बैलांसाठी वेसण, कासरे, घुंगरमाळा, बेगड आणि झुली घेताना, किंवा दुसऱ्या दिवशीच्या तान्हा पोळ्यासाठी लेकरांना लाकडी नंदी घेताना, पाहून-हाताळून निवडण्यातच निम्मी खरेदी असते.

याचा अर्थ बाजार सुरक्षित आहे असा नाही. मोबाइल, चपला, भांडी, शालेय साहित्य यांची विक्री निसटते आहे. व्यापारी संघटना मोठ्या सवलतींविरुद्ध दाद मागत आल्या आहेत. अखिल भारतीय व्यापारी महासंघाचे अध्यक्ष बी. सी. भरतिया नागपूरचेच. परदेशी मालकीच्या ऑनलाइन बाजारांनी स्वतःच्या ताब्यातल्या कंपन्यांचा माल विकू नये, असा नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. तो हवाच होता. पण नियमाने फार तर स्पर्धा बरोबरीची होते. गिऱ्हाइकाचे पाय दुकानाकडे वळत नाहीत.

ते कशाने वळतात, याचे उत्तर मॉलकडे आहे. नागपूरच्या मॉलमध्ये आलेल्यांतले पुष्कळजण काहीच विकत घेत नाहीत. ते मे महिन्यात गारव्याला येतात, बसायला येतात, पोरांना मोकळे फिरू द्यायला येतात. स्त्रियांना तिथे स्वच्छ स्वच्छतागृह मिळते आणि कोणी टोकत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ मधल्या पुस्तकात मुंबईतल्या स्त्रियांच्या सार्वजनिक वावराचा अभ्यास मांडला. मॉलमधला मोकळेपणा खर्च करू शकणाऱ्यांपुरताच असतो, हेही त्यांनी दाखवले. त्याच सुमारास मुंबईत ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली. एवढ्या मोठ्या शहरात स्त्रियांना मोफत, स्वच्छ मुतारीसाठी आंदोलन करावे लागले, यावरून मॉलच्या लोकप्रियतेचा अर्धा उलगडा होतो.

पार्सल ही सोय देऊ शकत नाही आणि पुलगावचा बाजारही ती आज पुरेशी देत नाही. आर्वी-देवळीकडच्या खेड्यांतून सकाळच्या एसटीने आलेली बाई संध्याकाळपर्यंत बाजारात असते. तिला सावली, पाणी, टेकायला बाक आणि कडी लागणारे स्वच्छ स्वच्छतागृह हवे. यासाठी मॉल बांधावा लागत नाही. नगरपरिषदेने जागा आणि पाणी द्यावे, व्यापाऱ्यांनी वर्गणीतून रोजची झाडलोट चालवावी, आणि पुढच्या पोळ्याची गर्दी होण्याआधी हे काम उभे राहावे.