हाय-रेझ संबळासमोर हवे, दिवाणखान्यात नव्हे

स्पॉटिफायने २०२५च्या नोव्हेंबरात भारतात दरमहा २९९ रुपयांची ‘प्लॅटिनम’ योजना आणली आणि ‘लॉसलेस’चे बिरुद तिला चिकटवले. अ‍ॅपल म्युझिक तर २०२१पासूनच २४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झपर्यंतचे संगीत जादा पैसे न घेता देत आहे. त्यामुळे ‘हाय-रेझ’, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाचे संगीत, ही आता मुंबई-पुण्यातल्या मूठभर षौकिनांची मिरास राहिलेली नाही. धाराशिव, तुळजापूर, उमरग्यातल्या घरांतही ती मोबाइलवर हजर आहे. पण योजनेचा तपशील नीट वाचला तर एक गोष्ट नजरेत भरते. स्पॉटिफायचे लॉसलेस २४ बिटांचे असले, तरी त्याचा नमुनादर ४४.१ किलोहर्ट्‌झच आहे. १९८२ साली पहिली सीडी विक्रीला आली तेव्हा होता तोच. एवढ्या मोठ्या कंपनीला चार दशकांनंतरही तो आकडा ओलांडण्याची गरज वाटली नाही. यात काटकसर असेलही, पण शहाणपणही आहे. उपलब्ध पुरावा असा, की घरी बसून ऐकण्यासाठी सीडीचा दर्जा पुरून उरतो. हाय-रेझला काम आहे, आणि महत्त्वाचे आहे. फक्त त्याची जागा दिवाणखाना नाही.

हाय-रेझच्या जाहिरातींत एक चित्र हमखास दिसते : सीडीची ध्वनिलहर पायऱ्यापायऱ्यांची, खडबडीत आणि हाय-रेझची मात्र गुळगुळीत. हे चित्र चुकीचे आहे. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा लहरीची उंची मोजून ठेवलेली असते. हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांच्या कामातून पक्के झालेले गणित सांगते, की एखाद्या वारंवारतेपर्यंतच्या सगळ्या लहरी पकडायच्या तर तिच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने पुरतात, आणि त्यांतून मूळ लहर पुन्हा तंतोतंत उभी राहते. दोन नमुन्यांमधली जागा रिकामी राहतच नाही. ‘ऑग व्हॉर्बिस’ या ध्वनिप्रकाराचे जनक मॉन्टी मॉन्टगोमेरी यांनी २०१२च्या मार्चमध्ये यावर लिहिलेला निबंध आजही या वादातला सर्वांत सडेतोड दस्तऐवज आहे. वर्षभरात त्यांनी तेच प्रत्यक्ष करून दाखवले. जुन्या अ‍ॅनलॉग उपकरणातून शुद्ध लहर सोडली, ती सीडीच्या दर्जात अंकबद्ध केली, पुन्हा अ‍ॅनलॉग केली आणि दुसऱ्या जुन्या अ‍ॅनलॉग ऑसिलोस्कोपवर पाहिली. पडद्यावर पायऱ्यांचा मागमूस नव्हता. आत गेली तशीच गोलाईची लहर बाहेर आली. मॉन्टगोमेरींचा पुढचा मुद्दा हाय-रेझवाल्यांना अधिक झोंबणारा आहे. १९२ किलोहर्ट्‌झच्या फाइलीत कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी असतील, तर घरचा अँप्लिफायर आणि स्पीकर त्यांना नीट पेलू शकत नाहीत. त्या एकमेकींत मिसळून ऐकू येणाऱ्या पट्ट्यात नवाच कचरा तयार करू शकतात. म्हणजे जादा मोजणीचा लाभ शून्य आणि तोटा मात्र संभवतो. त्यातच तरुण, निरोगी कान फार तर २० किलोहर्ट्‌झपर्यंत पोचतो आणि महागडी यंत्रणा परवडू लागते त्या वयात त्याची धाव बरीच खाली आलेली असते. ४४.१चा निम्मा आकडा २२च्या पुढे जातो, हे इथे लक्षात ठेवावे.

बिटांचे प्रकरण याहून सरळ आहे. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. २४ बिटांत, निदान कागदावर, १४४चे. आता हे अंतर मराठवाड्यातल्या एका साध्या घरात मांडून पाहू. वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, डोक्यावर फिरणारा पंखा, बाहेर मोटारसायकली. रात्री सगळे निजल्यावरही अशा खोलीत ३०-३५ डेसिबलचा आवाज भरून असतो. एप्रिल-मेमध्ये पंखा वाढवला की तो ४० ओलांडतो. सीडीवरचा सर्वांत हळू आवाज या गोंगाटाच्या वर काढायचा, तर सर्वांत मोठा आवाज १३० डेसिबलच्या आसपास जाईल. तिथे कानाला वेदना सुरू होतात, आणि शेजारी त्याआधीच दार वाजवतात. म्हणजे सीडीच्या १६ बिटांचीही पूर्ण उधळण या खोलीत शक्य नाही. २४ बिटांतले जादा आठ बिट तर पंख्याच्या घरघरीखाली गाडले जातात. त्यात बहुतेकांचे ऐकणे ब्लूटूथच्या हेडफोनवर चालते, आणि नेहमीचे ब्लूटूथ आवाज पुन्हा दाबूनच पाठवते. २४/१९२च्या तासाभराच्या संगीताला, न दाबता, सुमारे ४.१ जीबी लागतात; सीडीच्या दर्जाला ६३५ एमबी. हा सगळा भार मोबाइलपर्यंत आणून शेवटच्या दोन हातांवर सांडून द्यायचा, असा हा व्यवहार आहे.

कागदावरचे गणित काहीही म्हणो, कान काय म्हणतो, हा आक्षेप रास्त आहे. त्याचीही तपासणी झालेली आहे. २००७ साली बोस्टन परिसरातल्या मेयर आणि मोरान यांनी हाय-रेझ तबकड्या वाजवताना मध्येच तोच आवाज सीडीच्या दर्जातून फिरवून आणला आणि श्रोत्यांना न सांगता अदलाबदल केली. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले, म्हणजे ४९.८ टक्के. नाणे उडवूनही एवढेच येतात. दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांचा. २०१६ साली त्यांनी १८ अभ्यासांतले साडेबारा हजारांहून अधिक प्रयत्न एकत्र तपासले आणि एकूण ५२.३ टक्के अचूकता काढली; प्रशिक्षित श्रोत्यांची साठ टक्क्यांच्या घरात. हाय-रेझवाले हा निष्कर्ष विजयाची पताका म्हणून नाचवतात. संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो दुर्लक्षिण्याजोगा नाही, हे खरेच. पण प्रयोगशाळेच्या शांततेत, भेद ओळखण्याची तालीम घेऊन, दहापैकी सहा वेळा जे जेमतेम हाती लागते, त्याला जाहिरातीतल्या ‘पडदा दूर झाल्यासारखा’ अनुभवाचे नाव देता येत नाही. मग काही हाय-रेझ आवृत्त्या खरोखर सरस का वाटतात? याचे उत्तरही मेयर-मोरान यांनीच नोंदवले : त्या तबकड्यांचे मास्टरिंगच अधिक काळजीने केलेले असते. तीच काळजी घेऊन सीडी काढली, तर तीही तितकीच सरस वाजेल. कान नावाला कसा भुलतो, याची प्रचिती २०२२ साली आली. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या ज्या एलपी ‘निखळ अ‍ॅनलॉग’ म्हणून वाखाणल्या जात होत्या, त्यांतल्या अनेकींच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता. तो उघड होईपर्यंत एकाही नामांकित कानाला खटकला नव्हता.

आपल्या संगीताच्या बाजूने एक आक्षेप मात्र वजनदार आहे. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ घ्या : संबळाचा कडकडाट, तुणतुण्याची तार आणि झांज. धातूच्या झांजेत २० किलोहर्ट्‌झच्या पलीकडेही बरेच काही घडते. अमेरिकेतल्या कॅलटेकचे जेम्स बॉइक यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदातल्या सिंबलचा आघात मोजला, तेव्हा त्यातली सुमारे ४० टक्के ऊर्जा त्या रेषेच्या वर सापडली. जपानच्या त्सुतोमु ओहाशी यांनी २००० साली बालीच्या गामेलान संगीतावर प्रयोग करून असा दावा केला, की ऐकू न येणाऱ्या लहरींनाही मेंदू प्रतिसाद देतो. मग सीडी झांजेचा आत्माच कापून टाकते का? ओहाशींच्याच पुढच्या प्रयोगाने या युक्तिवादाची धार बोथट केली. त्या लहरी फक्त इअरफोनमधून दिल्यावर परिणाम दिसला नाही; स्पीकरमधून सगळ्या अंगावर पडल्या तरच दिसला. म्हणजे हेडफोन लावून हाय-रेझ ऐकणाऱ्याला या संशोधनाचा आधार घेता येत नाही. शिवाय ध्वनिमुद्रणाचे बहुतेक मायक्रोफोन २० किलोहर्ट्‌झच्या आसपास थांबतात. जे पकडलेच नाही, ते १९२च्या डब्यात कुठून येणार? आणि जुन्या संगीताबाबत तर प्रश्नच मिटतो. १९२५पूर्वीच्या, कर्ण्यापुढे गाऊन केलेल्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांत पाच किलोहर्ट्‌झच्या वर जवळपास काही नाही. त्या काळातल्या गायकांच्या तबकड्या १९२ किलोहर्ट्‌झवर ऐकल्या, तर जादा काय मिळेल? सुईची खरखर, अधिक तपशिलात. अशा संगीताला सीडीने दिलेली मोठी देणगी बिटांची नव्हे, वेळेची होती : तीन मिनिटांच्या तबकडीनंतर सलग ७४ मिनिटे. ख्यालाला लागतो तो हा अवकाश.

आता हाय-रेझच्या खऱ्या जागेकडे येऊ. नवरात्रात संबळासमोर मायक्रोफोन मांडणाऱ्या माणसाला पुढची टिपरी किती जोरात पडेल, हे आधी कळत नाही. पातळी वर ठेवली तर आघात फाटतो. खाली ठेवली तर तुणतुणे गोंगाटात बुडते. २४ बिटांत पातळी निर्धास्तपणे खाली ठेवता येते आणि नंतर वर उचलली तरी हळू स्वर स्वच्छ निघतो. इथे ते जादा आठ बिट पै-पैचे मोल देतात. संग्रहाचेही तसेच. ध्वनिसंग्राहकांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘इआसा’ जुन्या फिती अंकबद्ध करताना किमान ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट घ्या आणि जमल्यास ९६वर जा, असे सांगते. कारण ती फीत पुन्हा वाजेलच याची खात्री नसते आणि उद्याच्या संशोधकाला त्यावर काम करायचे असते. कर्ता आणि श्रोता यांच्या गरजा वेगळ्या असतात, हा साधा भेद बाजाराने पुसून टाकला आहे.

धाराशिवच्या परिसरात लोकसंगीत बहुतांशी कॅसेटवरून थेट एमपी-थ्रीवर आणि तिथून मेमरी कार्डावर गेले. नीट केलेल्या सीडीचा टप्पा त्याला जवळजवळ मिळालाच नाही. आराधी गीते, गोंधळ, हलगी यांच्या ज्या फाइली आज फिरतात, त्यांचे हाल नमुनादर कमी पडल्याने झालेले नाहीत. घाईचे ध्वनिमुद्रण, फाटलेली पातळी, प्रतीची प्रत आणि तिचीही दाबलेली प्रत यांनी ते केले. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांच्या प्रकल्पाने हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या उतरवून घेतल्या. आवाजात मात्र १९९०च्या दशकाच्या मध्यापासून, बर्नार्ड बेल यांच्या साथीने, सुमारे १२० तासच मुद्रित झाले. कागदावर लाख आणि कानासाठी थोडके. आपली तूट ही आहे, आणि श्रोत्याने घरी १९२ किलोहर्ट्‌झ विकत घेतल्याने ती भरून निघणार नाही. ज्याला घरचे ऐकणे सुधारायचे आहे, त्याने चांगले स्पीकर घ्यावेत, भिंतीपासून थोडे पुढे मांडावेत, फरशीवर सतरंजी अंथरावी आणि सीडीच्या दर्जावर समाधान मानावे. धाराशिव जिल्ह्याचे संगीत टिकवायचे असेल, तर २४ बिटांचे एक लहानसे ध्वनिमुद्रणयंत्र, त्याची माहिती असलेला एक तरुण आणि गोंधळ्याला दिलेले रीतसर मानधन लागेल. हा खर्च घरच्या ऐकण्यावरच्या खर्चाहून फार मोठा नाही. आणि हाय-रेझचा पैसा तिथे खरोखर ऐकू येईल.