गोराईत सापाला हीटर कशाला?
मे महिन्यात मुंबईच्या गोराईत पंख्याखालीही घाम निथळतो. पण जानेवारीतल्या पहाटे उपनगरात पारा कधीकधी १५ अंशांच्या आसपास उतरतो, आणि आफ्रिकेतल्या बॉल पायथनला डब्याचं एक टोक साधारण ३१-३२ अंश लागतं, दुसरं २५-२६. शरीर पुरेशी ऊब तयार करत नाही, म्हणून तो या दोन टोकांत ये-जा करून पचन सांभाळतो. त्यामुळे हीटिंग टेपची पट्टी डबे ठेवायच्या रॅकच्या मागच्या कडेलाच, डब्याच्या साधारण एक-तृतीयांश तळाखाली लावतात.

वायरिंग सोपं दिसतं आणि तिथेच फसगत होते. २० वॅटच्या चार पट्ट्या समांतर जोडल्या की ८० वॅट. २३० व्होल्टला जेमतेम ०.३५ अँपिअर. एवढ्याशा करंटला एमसीबी पडत नाही, पट्टी कितीही तापो. सगळी भिस्त थर्मोस्टॅटवर. त्याचा सेन्सर पट्टी आणि डबा यांच्यामध्ये घट्ट बसवायचा. निसटून हवेत लोंबला, तर थर्मोस्टॅटला थंडीच वाटत राहते आणि पट्टी बंद होतच नाही. म्हणून वेगळा थर्मल कटऑफ हवाच. शिवाय इथल्या खाऱ्या हवेत स्क्रू गंजतात आणि गंजलेला जोड स्वतःच तापू लागतो. बंद जंक्शन बॉक्स आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी यांत काटकसर नको. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच.

हे सगळं सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवलेल्या परदेशी प्राण्यांपुरतं, बरं का. धामण, घोरपड किंवा स्टार कासव घरात पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.