एकाला विचारून सगळ्यांची हजेरी

वेबपानावरच्या प्रत्येक चित्रामागे थोडा न दिसणारा मजकूर असतो. चित्राची फाइल कुठे आहे, तिची रुंदी किती, ही माहिती एचटीएमएलच्या टॅगमध्ये लिहितात आणि तिला अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात. त्यातले ‘ऑल्ट’, म्हणजे चित्राचे शब्दांतले वर्णन, हे अ‍ॅट्रिब्यूट डोळस वाचकाच्या नजरेस सहसा पडत नाही. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर मात्र चित्रापाशी आला की तेच वाचून दाखवतो. ते लिहिलेलेच नसेल, तर अनेकदा फाइलचे निरर्थक नाव ऐकावे लागते. म्हणून पानावरच्या साऱ्या चित्रांचे ऑल्ट तपासणे हे वेबपान बनवणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि ही तपासणी करताना होणारी एक साधी चूक समजून घेण्याजोगी आहे.

ही चूक जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीत होते. जॉन रेसिगने 2006 साली ती लोकांसमोर आणली, तेव्हा वेगवेगळे ब्राउझर एकाच कामासाठी वेगवेगळी जावास्क्रिप्ट मागत. जेक्वेरीने ती कटकट स्वतःकडे घेतली. डॉलरच्या चिन्हापुढे कंसात ‘आयएमजी’ लिहिले, की पानावरची सगळी चित्रे एका गठ्ठ्यात हाती येतात. त्या गठ्ठ्याला ‘अ‍ॅटर’ ही आज्ञा देऊन नवे ऑल्ट बसवायला सांगितले, तर ते प्रत्येक चित्राला बसते. पण तीच आज्ञा ऑल्ट वाचण्यासाठी दिली, तर उत्तर फक्त पहिल्या चित्राचे मिळते. लिहिताना सगळ्यांना, वाचताना एकालाच. वर्गातल्या पहिल्या मुलाने ‘हजर’ म्हटले म्हणून साऱ्या वर्गाची हजेरी मांडावी, तसा हा प्रकार होतो. शिवाय तक्रार कुठेच उमटत नाही. पानावर चित्रच नसले तरी ‘अनडिफाइन्ड’ हेच उत्तर येते, आणि पहिल्या चित्राला ऑल्ट नसले तरीही तेच. दोन अगदी वेगळ्या परिस्थिती एकाच शब्दात बुडून जातात.

यावरचा उपाय म्हणजे ‘ईच’. ही आज्ञा गठ्ठ्यातल्या एकेका घटकापाशी थांबते आणि आपण लिहिलेले काम त्याच्यासाठी स्वतंत्रपणे करते. सोबत त्याचा क्रमांकही देते. मोजणी शून्यापासून सुरू होते. त्या क्षणीचा घटक ‘धिस’ या शब्दात असतो, पण तो ब्राउझरचा मूळ घटक असतो. त्याला पुन्हा डॉलरच्या कंसात घेतले की मगच त्याच्यावर ‘अ‍ॅटर’ चालते. नवख्यांची अडखळण्याची जागा हीच. आणखी एक खाच अशी, की मध्येच ‘रिटर्न फॉल्स’ लिहिले तर सगळी फेरीच, म्हणजे लूपच, थांबतो. एखादे चित्र नुसते वगळायचे असेल, तर साधे ‘रिटर्न’ पुरते.

माझ्या मते ‘ईच’ची खरी किंमत वेळ वाचवण्यात कमी आणि उत्तरांचे प्रकार वेगळे ठेवता येण्यात जास्त आहे. ऑल्ट नसणे आणि ऑल्ट रिकामे असणे या दोन गोष्टी एक नाहीत. चित्र केवळ सजावटीचे असेल, तर ऑल्ट मुद्दाम रिकामे ठेवायचे असते. मग स्क्रीन रीडर ते गुपचूप ओलांडतो. ऑल्ट मुळातच नसेल, तर ते राहून गेलेले काम आहे. पहिल्या बाबतीत ‘अ‍ॅटर’ रिकामी अक्षरमाला देते, दुसऱ्या बाबतीत ‘अनडिफाइन्ड’. जावास्क्रिप्टच्या ‘इफ’ला मात्र दोन्ही सारखेच नकारार्थी वाटतात. ‘ऑल्ट नसेल तर’ असे ढोबळपणे लिहिले, की नीट काम केलेल्या माणसाच्या चित्रांवरही दोषाचा शिक्का बसतो. लूप प्रामाणिकपणे फिरूनही निकाल चुकतो.

यावर कोणी म्हणेल, लूप हवाच कशाला? ऑल्ट नसलेली चित्रे सिलेक्टरनेच, म्हणजे डॉलरच्या कंसातल्या मजकुरानेच, वेचता येतात. खरे आहे, आणि नुसती संख्या हवी असेल तर तेवढेच करावे. पण दुरुस्ती करणाऱ्याला कोणते चित्र, कोणती फाइल, हे सांगायचे झाले की प्रत्येकाचा पत्ता वाचणे आलेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आजच्या ब्राउझरमध्ये ‘क्वेरीसिलेक्टरऑल’ आणि ‘फॉरईच’ असताना जेक्वेरी कशाला? नव्या कामासाठी मीही ती सुचवणार नाही. पण वर्डप्रेससोबत ती आजही येते आणि जुन्या संकेतस्थळांत खोल रुजलेली आहे. तिथे ती वाचता आली पाहिजे. उलट ती काढून टाकतानाच उत्तरांच्या प्रकारांतला फरक जास्त छळतो. ब्राउझरची मूळ ‘गेटअ‍ॅट्रिब्यूट’ ही आज्ञा हरवलेल्या अ‍ॅट्रिब्यूटला ‘अनडिफाइन्ड’ म्हणत नाही, ‘नल’ म्हणते. ‘अनडिफाइन्ड’शी केलेली तीन बरोबर चिन्हांची काटेकोर तुलना तशीच ठेवून आज्ञा तेवढी बदलली, तर ऑल्ट नसलेले एकही चित्र सापडत नाही आणि अहवाल स्वच्छ येतो.

उरतो तो आक्षेप, की ऑल्ट उपयोगाचे आहे की नाही हे लूपला कळत नाही, मला पूर्ण मान्य आहे. ऑल्टमध्ये नुसते ‘फोटो’ लिहिले असेल, तरी लूपच्या दृष्टीने जागा भरलेली असते. ऑल्ट आणि फाइलचे नाव एकच आहे का, किंवा तेच शब्द दहा चित्रांना चिकटवले आहेत का, एवढे लूप पडताळू शकतो. संशयास्पद चित्रांची यादी करून तो थांबतो. चित्रात काय आहे ते पाहून वाक्य लिहायला माणसालाच बसावे लागते.