भांडुपहून मिशनसेवेला: परदेशातले पहिले आठवडे

परदेशी मिशनसेवेला निघालेल्या तरुणाला पहिल्या महिन्यात काय काम असते? भांडुपमधल्या एखाद्या मंडळीच्या तरुण संघात हे विचारून पाहावे. मुलांना शिकवणे, आजाऱ्यांना भेटणे, उपासनेत साक्ष देणे, अशी उत्तरे झटपट येतात. प्रत्यक्षात तो महिना कागदपत्रे, पोट, झोप आणि भाषा यांतच जातो. पाठवणीच्या प्रार्थनेत हे कोणी बोलत नाही, कारण ते बोलण्याजोगे वाटत नाही. म्हणून इथे जरा सविस्तर.

सुरुवात परवानगीपासून करू, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. पर्यटक म्हणून जाणे आणि धर्मकार्यासाठी जाणे यांत बहुतेक देश फरक करतात. आपल्याच देशाचे पाहा. परदेशी माणसाला भारतात धर्मकार्य करायचे असेल तर मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकार आहे. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्याला १४ दिवसांत विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावे लागते. तो भांडुपमध्ये कोणाच्या घरी उतरला, तर त्या घरमालकाला २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. आपण पाहुण्याकडून जे मागतो, तसलेच काही तिकडचे सरकार आपल्या मुलांकडून मागणार.

केनियाचे उदाहरण घेऊ. जानेवारी २०२४ पासून तिथे व्हिसाऐवजी प्रवासापूर्वी ऑनलाइन मिळणारी प्रवेश-मंजुरी लागते. ती हातात आली की काम झाले असे वाटते. पण ती भेटीपुरती असते. धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी तिथे ‘आय’ वर्गाचा स्वतंत्र परवाना असतो आणि तो यजमान संस्थेमार्फत मागायचा असतो. नेपाळची गोष्ट याहून नाजूक. भारतीयाला तिथे व्हिसाच लागत नाही, त्यामुळे तो देश सर्वांत सोपा वाटतो. पण नेपाळच्या २०१७ च्या फौजदारी संहितेनुसार कोणाचे धर्मांतर घडवणे हा गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढले जाते. सीमा उघडी आहे म्हणून कायदाही सैल असेल, असे धरून चालणारा पाहुणा स्वतःपेक्षा यजमानांनाच जास्त अडचणीत आणतो. तो निघून येतो. ते तिथेच राहतात.

परवानगीचा हा पेच जुना आहे, आणि त्याची सगळ्यांत चांगली नोंद आपल्या मुंबईतच सापडते. ‘अमेरिकन बोर्ड’ ही परदेशात मिशनरी पाठवणारी संस्था १८१० साली स्थापन झाली. तिच्या पहिल्या पाच तरुणांना ६ फेब्रुवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट कलकत्त्याला पोहोचले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. कंपनीला मिशनरी नकोच होते, त्यात जून १८१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटलेले. दोघे तिथून निसटून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला आले. हॉल २८ वर्षांचा, नॉट २४ वर्षांचा, बरोबर नॉटची पत्नी रोक्साना.

मुंबईचे गव्हर्नर होते सर इव्हान नेपियन. माणूस सहानुभूतीचा, पण हात बांधलेले: वरून आलेला हुकूम दोघांना इंग्लंडला धाडण्याचा होता. अर्ज, विनंत्या, मुदतवाढ यांत महिने गेले. मग या दोघांनी एक डाव केला. गुपचूप जहाजात बसून ते कोचीनकडे निघाले आणि पकडून परत आणले गेले. माझ्या मते हा त्यांच्या पहिल्या वर्षातला सर्वांत वाईट निर्णय. तोवर जो गव्हर्नर त्यांच्या बाजूने शब्द टाकत होता, त्यालाच त्यांनी तोंडघशी पाडले. तरी हॉलने आपली बाजू मांडणारी खरमरीत पत्रे लिहिली, दिवस पालटले आणि वर्ष संपता संपता त्यांना राहू देण्याचे ठरले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने मंजूर केलेल्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना परवाना मिळण्याची वाट उघडली होती.

राहता येईल की नाही हेच ठरत नव्हते, त्या काळात ते मराठी शिकत होते. हाताशी साधने तुटपुंजी. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ चे, त्याचाच मोडी लिपीतला कोश १८१० चा. मोल्सवर्थचा कोश यायला १८३१ साल उजाडायचे होते. म्हणजे खरा आधार पंडिताचा आणि बाजारातल्या बोलण्याचा. या मिशनचा छापखाना सुरू होऊन पहिली छोटी मराठी पुस्तिका निघाली १८१७ मध्ये, मुंबईत उतरल्यावर चार वर्षांनी. मराठी नवा करार छापून झाला १८२६ मध्ये, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यात हॉल पटकीने वारला. नॉट तर प्रकृती ढासळल्याने १८१५ मध्येच परतला होता. दोन आठवड्यांच्या सहलीत ‘आम्ही तिथे मोठे काम केले’ असे सांगणाऱ्यांनी या तारखा एकदा शेजारी ठेवून पाहाव्यात.

या मिशनचा आपल्या बाजूशीही संबंध आला. १८१८ साली जॉन निकोल्स ठाण्याला राहायला गेला, अॅलन ग्रेव्हज माहीमला. मुंबईहून ठाण्याकडे जाणारा जुना रस्ता भांडुपवरूनच जातो. आज आपण त्याला एलबीएस मार्ग म्हणतो आणि त्यावरच्या वाहतुकीला नावे ठेवतो. १८५३ मध्ये रेल्वे सुरू होईपर्यंत खुष्कीने जाणाऱ्याला हाच मार्ग होता.

आता आजच्या तयारीकडे येऊ. केनिया किंवा युगांडाला जायचे तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. ती सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, कारण तिथले प्रमाणपत्रच चालते. ते आता आयुष्यभर ग्राह्य असते. हे प्रमाणपत्र तिकडे जाताना लागू शकते, पण खरी गरज परतताना पडते: पीतज्वराच्या देशातून प्रमाणपत्राविना आलेल्याला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या कोणत्या, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे; त्यांतल्या काही परत आल्यावरही चार आठवडे घ्याव्या लागतात आणि घरी आल्यावर नेमक्या त्याच बंद केल्या जातात. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. आणि एक स्वेटर. आफ्रिका म्हणजे ऊन अशी आपली समजूत, पण नैरोबी सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वराहून उंच, आणि जुलैत तिथे चांगलीच थंडी पडते.

उतरल्यावरचा पहिला आठवडा यजमानांचा. ते नेतील तिथे जावे, देतील ते खावे. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. पहिल्या दिवशी बेचव वाटतो, पालेभाजीबरोबर चौथ्या दिवशी बरा लागतो. चहा आणि चपाती तिकडेही मिळते, तेव्हा घाबरायचे कारण नाही. खाण्यात एखादी गोष्ट वर्ज्य असेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाकावी. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजच्या धर्मभगिनींकडे राहायला गेल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही आणि त्यामागची भूमिका उघडपणे मांडली. यजमानांना प्रश्न पडले, पण फसवणूक झाली नाही.

वेळेचा मात्र एक फास आहे. स्वाहिली बोलणारे लोक दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास, आपले नऊ म्हणजे तिसरा. ‘तीन वाजता ये’ असे कोणी स्वाहिलीत सांगितले आणि पाहुणा जेवूनखाऊन दुपारी तीनला पोहोचला, तर सभा केव्हाच संपलेली असते. वेळ ठरवताना सकाळ की दुपार, हे विचारून घ्यावे.

पैशांचे सोपे आहे. केनियात २००७ पासून एम-पेसा आहे. भाजीवालीपासून बसपर्यंत सगळे मोबाइलवर चालते, आपल्याकडे यूपीआय येण्याच्या कितीतरी आधीपासून. अवघड आहे ते देणे. पहिल्या आठवड्यात कोणी फी मागतो, कोणी औषधाचे पैसे. मन द्रवते, हात खिशाकडे जातो. थेट कोणाच्याही हातात पैसे देऊ नयेत; द्यायचेच तर यजमान मंडळीच्या सल्ल्याने आणि तिच्यामार्फत. नाही तर पुढच्या वेळी येणाऱ्या पाहुण्याकडे पाहुणा म्हणून कोणी पाहणार नाही. फोटोंचेही तेच. आपल्या वस्तीत येऊन कोणी आपल्या शेंबड्या पोराचा फोटो काढून परदेशात दाखवला, तर भांडुपमधल्या आईला कसे वाटेल, एवढा विचार पुरे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बहुतेकांचे मन खचते. सुरुवातीचा उत्साह ओसरतो, भाषा कळत नाही, सगळ्यांचा राग येतो आणि त्या रागाची लाज वाटते. काही जण याला श्रद्धेची परीक्षा समजून अधिकच खचतात. कॅनडाचा मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग याने १९५० च्या दशकात या अवस्थेचे टप्पे मांडले: आधी मोहिनी, मग कोंडी, मग हळूहळू सावरणे, शेवटी रुळणे. मिशनरी, व्यापारी, सरकारी नोकर, सगळेच त्यातून जातात. उपाय साधे आहेत. झोपेची वेळ पाळावी, रोज ठरावीक शब्द शिकावेत आणि घरी रोज तासभर व्हिडिओ कॉल करू नये. आईला आठवड्यातून दोनदा फोन पुरतो. हे आईलाही आधीच सांगून ठेवावे.

मग काम केव्हा? भाषेत दुकानदाराशी भाव करता आला आणि यजमानांनी आपण होऊन एखादी जबाबदारी दिली की काम सुरू झाले. तोवर भांडी घासावीत, खुर्च्या मांडाव्यात, मागे बसून ऐकावे. साक्ष द्यायला सांगितलीच तर पाच मिनिटांत आटोपावी. दुभाष्यामुळे तिची दहा होतातच.

माझे स्पष्ट मत असे, की तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या फेरीला सेवा म्हणू नये, ओळखभेट म्हणावे. तीही वाईट नाही. जाणाऱ्याने तिकीट काढण्यापूर्वी यजमान मंडळीला पत्र लिहून चार गोष्टी विचाराव्यात: मी कोणत्या परवान्यावर येऊ, राहणार कोणाकडे, भाषा कोण शिकवील आणि आजारी पडलो तर जबाबदार कोण. उत्तर लेखी घ्यावे, त्याची एक प्रत आपल्या पाळकांकडे आणि एक घरी ठेवावी. उत्तर आले नाही, तर तिकीट काढू नये.