पुस्तकाला किती हात लागतात?

मराठीतलं सर्वांत मोकळंढाकळं आत्मचरित्र ज्या बाईंनी लिहिलं, त्यांचं जोडाक्षरांशी म्हणे शेवटपर्यंत नीट जमलं नाही! नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्याच नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पती ना. वा. टिळक यांच्याकडून. मग ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र घडलं कसं?

चिरंजीव देवदत्तांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून काढायला सांगितल्या. मागितली होती निव्वळ सामग्री, हाती आलं अस्सल साहित्य! देवदत्तांनी ते ओळखलं आणि आपल्या ‘संजीवनी’ साप्ताहिकातून छापलं. १९३४ पासून त्याचे भाग पुस्तकरूपानं निघू लागले. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या, तेव्हा अपुरा राहिलेला भाग मुलानंच पुरा केला. पुढे नातू अशोक टिळक यांनी टिपा देऊन ग्रंथाची संपादित आवृत्ती सिद्ध केली. तीन पिढ्या एका पुस्तकासाठी राबल्या, तरी वाचताना कानावर पडतो तो फक्त लक्ष्मीबाईंचाच आवाज. या घराण्याला हे नवीन नव्हतं म्हणा. ना. वा. टिळकांनी अर्धवट सोडलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं होतं आणि त्याचा शेवट देवदत्तांनी केला.

नाशिकचंच दुसरं उदाहरण कुसुमाग्रजांचं. १९४२ मध्ये ‘विशाखा’ हा त्यांचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला तो वि. स. खांडेकरांमुळे. त्यांनी पदरचे पैसे घालून संग्रह काढला, प्रस्तावनाही लिहिली. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या लेखकानं दुसरं ज्ञानपीठ मिळवणाऱ्या कवीला असा हात दिला! पुढे दृष्टी अधू झाल्यावर खांडेकरांनाही लेखनिक घ्यावा लागला.

आज हीच कामं व्यवसाय म्हणून केली जातात. सांगणाऱ्याचं ऐकून लिहितो तो शब्दांकनकार, मजकुराची बांधणी तपासतो तो संपादक, छपाईआधी ऱ्हस्व-दीर्घापासून सनावळीपर्यंत सगळ्यावर नजर ठेवतो तो मुद्रितशोधक. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ अरुण साधूंनी शब्दांकित केलं. त्याच पुस्तकावरून प्रेरणा घेऊन १९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ हा चित्रपट काढला.

यातली खरी गंमत प्रश्नांत आहे. समजा, निफाडच्या एखाद्या द्राक्षबागायतदार आजोबांना आत्मचरित्र लिहायचं आहे. त्यांनी लिहिलं, “त्या वर्षी गारपिटीनं बाग गेली.” चांगला शब्दांकनकार या वाक्यावर थांबतो. गारा दिवसा पडल्या की रात्री? मणी कुठपर्यंत भरले होते? व्यापाऱ्याशी सौदा झाला होता का? बांधावर तुमच्याबरोबर कोण होतं? सोसायटीचं कर्ज कसं फेडलंत? आजोबा आधी दोन शब्दांत उत्तर देतात, मग खुलतात. घरातल्यांनी कधी न ऐकलेलं बाहेर येऊ लागतं आणि पाच शब्दांच्या वाक्याचं प्रकरण होतं. त्यातला एकही प्रसंग शब्दांकनकाराचा नसतो. त्यानं फक्त तो आजोबांच्या तोंडून काढलेला असतो.

वाईट मदतनीसही लगेच ओळखू येतो. ‘लई’ दिसलं की तो ‘अतिशय’ करतो, शिवीच्या जागी सुविचार बसवतो आणि माणूस पुसून टाकतो.

तेव्हा पुस्तक लिहायचं मनात असेल, तर मदत घ्यायला लाजू नका. मात्र काही गोष्टी आधी पक्क्या करा. नमुन्यादाखल एक प्रकरण करून घ्या आणि घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, “हे तर तुम्हीच बोलताय!” असं ते म्हणाले, तरच पुढे जा. मानधन किती, हप्ते कसे, शब्दांकनकाराचं नाव कुठे छापायचं आणि कॉपीराइट कोणाचा, हे कागदावर आणा. भारतीय कायद्यानुसार कॉपीराइटचं हस्तांतरण लेखीच व्हावं लागतं, तोंडी शब्द चालत नाही. आणि आयएसबीएन क्रमांकासाठी कोणी पैसे मागितले, तर लक्षात ठेवा : भारतात तो सरकारकडून मोफत मिळतो.