एरंडेलावर उडणारी विमानं

आधी वास आला. मे महिन्याची सुटी, परसदार, ओळीनं उभी केलेली आम्ही पाच भावंडं आणि आजीच्या हातातली वाटी, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. एरंडेल! तेही इंग्लंडात, बेडफर्डशरमधल्या ओल्ड वॉर्डन नावाच्या खेड्यात, गवताच्या धावपट्टीच्या कडेला.

संपादकांनी पाठवलं होतं स्पिटफायर बघायला. ते इथे आहे, देखणं आहे, आणि त्याच्याभोवती इतके कॅमेरे होते की मी कंटाळून वासाच्या मागे निघाले. वास येत होता १९१२ सालच्या ब्लॅकबर्न विमानातून. लाकूड, कापड, तारा आणि पुढे एक इंजिन. मोठ्या पतंगात कुणी खुर्ची ठोकावी तसा प्रकार. ब्रिटिश बनावटीच्या विमानांपैकी आजही उडतं असं सर्वांत जुनं हेच.

इथल्या जुन्या विमानांच्या संग्रहाची जन्मकथा थोडक्यात सांगते. रिचर्ड शटलवर्थ हा इथल्या जहागिरीचा वारस. त्याचा जन्म १६ जुलै १९०९चा. त्यानंतर नऊच दिवसांनी फ्रेंच वैमानिक ब्लेरिओनं विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. पोराला मोटारशर्यतींचं आणि जुन्या यंत्रांचं वेड. १९३३च्या दिल्लीतल्या व्हाइसरॉय चषकाच्या हवाई शर्यतीसाठी हा इंग्लंडहून छोटंसं कॉम्पर स्विफ्ट उडवत आला होता. त्याच शर्यतीत भारतातल्या एका चहामळेवाल्याचं लाल कॉम्पर स्विफ्टही उतरलं होतं. ते आज इथल्याच हँगरमध्ये आहे. भंगारातली, पडवीतली मोडकी विमानं रिचर्ड जमवत राहिला. २ ऑगस्ट १९४० रोजी हवाई दलाच्या प्रशिक्षणात विमान कोसळून गेला, एकतिसाव्या वर्षी. आई डोरोथीनं १९४४मध्ये त्याच्या नावानं न्यास केला. ब्लॅकबर्नचे अवशेष रिचर्डनं १९३८मध्ये घेतले होते. ते विमान पुन्हा उडालं १९४९मध्ये. तो नव्हता बघायला.

आता इंजिन. त्यासाठीच मी हा लेख लिहितेय, स्पिटफायर राहिलं तरी चालेल.

नेहमीच्या इंजिनात सिलिंडर जागेवर असतात आणि आतला दांडा फिरतो. ब्लॅकबर्नच्या नोम इंजिनात सगळं उलटं: दांडा विमानाला घट्ट बांधलेला आणि सातही सिलिंडर पंख्यासकट गरागरा फिरतात, मिनिटाला सुमारे बाराशे फेरे. इंजिनच फिरलं की वारा आपोआप लागतो, पाण्याची टाकी नको, वजन वाचतं. पन्नास अश्वशक्तीचं हे इंजिन जेमतेम एका माणसाच्या वजनाचं. प्रत्येक सिलिंडर सबंध पोलादी ठोकळ्यातून कोरून काढलेला, भिंत दीड मिलिमीटरची. आणि पेट्रोलचं मिश्रण आत घेणारी झडप चक्क दट्ट्याच्या डोक्यात बसवलेली! ती बिघडली तर सिलिंडर उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. हे ज्यानं योजलं त्याला शाबासकी द्यावी की शिव्या, कळत नाही.

मिश्रण इंजिनाच्या पोटातूनच सिलिंडरांत जातं, म्हणून साधं खनिज तेल वापरलं तर पेट्रोल ते धुऊन नेतं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. पण एकदा आत गेलेलं तेल परत टाकीत येत नाही. ते बाहेर फेकलं जातं. कपडे, चष्मा, मिशा, वैमानिक सगळा माखतो, थोडं पोटातही जातं, आणि मग व्हायचं ते होतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला या तेलाची इतकी चणचण पडली की हिंदुस्थानातून बी मागवून फ्लोरिडात एरंड लावावा लागला. आपल्या बांधावरच्या झुडपावर युरोपच्या आकाशातल्या लढाया चालल्या, हे आजीला सांगायला हवं होतं.

ब्लॅकबर्नपाशी एक मेकॅनिक गुडघ्यावर बसून एकेक सिलिंडर चिंधीनं पुसत होता. पुसता पुसता बोटानं झडपेचे दांडे चाचपायचा, मान तिरकी करून पंखा अर्धा फेरा ओढायचा, ऐकायचा, परत ओढायचा. आजारी गाईपाशी बसलेला शेतकरी असाच दिसतो. हे इंजिन मोटारीसारखं हळू-जलद करता येत नाही. उतरताना वैमानिक बटण दाबून ठिणगी तोडतो, सोडतो, पुन्हा तोडतो. त्या वेळात पेट्रोल येतच असतं, साचतं, आणि ठिणगी परतली की आगीचा धोका.

कुंपणाशी खुर्च्या टाकून बसलेल्या हौशी मंडळींचं एरंडाचं गुऱ्हाळ दुपारभर चाललं होतं. अस्सल कशाला म्हणायचं, आणि ते उडवायचं की काचेत ठेवायचं? कापड नवं, तारा नव्या, निम्मं लाकूड नवं. इथलं सॉपविथ ट्रायप्लेन तर जुन्या नकाशांवरून अगदी नव्यानं बांधलेलं. पण खुद्द टॉमस सॉपविथनी ते नक्कल न मानता आपल्याच कारखान्याचं उशिरा बाहेर पडलेलं विमान मानलं. अफगाणिस्तानातलं हॉकर हाइंड १९७०मध्ये काबूलहून ट्रकवर लादून सहा हजार मैल आणलं, ते उडायला १९८१ उजाडलं. काचेत ठेवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही: प्रत्येक उड्डाण त्या दीड मिलिमीटरच्या भिंतीतलं काहीतरी खातं. न्यूझीलंडमध्ये ब्लेनहाइमच्या एका कारखान्यात नोमचं पुढचं भावंड, मोनोसुपाप, नव्यानं घडवतात. तेव्हा पोलादाची सोय होईलही. २०१५मध्ये इंग्लंडातल्या शोरहॅमला प्रात्यक्षिकातलं जेट रस्त्यावर कोसळून अकरा माणसं गेली, तेव्हापासून हवाई प्रात्यक्षिकांचे नियम कडक झालेत, तेही योग्यच. मला काळजी वाटते ती त्या मेकॅनिकच्या मान तिरकी करण्याची. पंखा ओढताना काय ऐकायचं, ते कोणत्या पुस्तकात लिहायचं? आणि इंजिन वर्षानुवर्षं चाललंच नाही, तर शिकाऊ पोरानं ऐकायचं तरी काय?

ही म्हातारी विमानं संध्याकाळी वारा पडल्यावरच बाहेर निघतात. पंखच पिळून वळायचं असल्यानं जरा झुळूक आली तरी भीती. सगळ्यांत ज्येष्ठ ब्लेरिओ विमान तर सरळ रेषेत छोटीशी झेप घेऊन खाली येतं. दुपारी ब्लॅकबर्नचं इंजिन जमिनीवरच चालवून पाहिलं होतं, तोच तो वास. सहा वाजले, सात वाजले. लोक वातदर्शक कापडी नळीकडे बघत होते. ती लोंबेना. साडेसातला कुणीतरी मान हलवली आणि चौघांनी पंखाची टोकं धरून विमान हँगरमध्ये ढकललं.

मेकॅनिकनं इंजिनाखाली पत्र्याचं तसराळं सरकवलं. खालच्या सिलिंडरमधून तेल ठिबकत होतं. त्यानं दोन बोटांत थेंब घेतला, दिव्याखाली धरून चोळला, पँटला पुसला आणि पंखा अर्धा फेरा ओढला.