अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि आईची जागा

गर्भारपणाचे ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला आईच्या दुधाची गरज सर्वांत जास्त असते आणि ते ओढून पिण्याचे बळ सर्वांत कमी. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. तोवर काढलेले दूध नळीने, पुढे वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे लागते.

पूर्वी बाळ काचेच्या पेटीत आणि आई दुसऱ्या वॉर्डात, अशीच रीत होती. जंतुसंसर्गाच्या धास्तीने आईला दाराबाहेर ठेवत. बाळ अंगाला न लागल्याने पान्हा आटे, मग वरचे दूध सुरू होई. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी पेट्यांच्या टंचाईवर तोडगा म्हणून बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधले. ऊब मिळाली आणि स्तनही जवळ आला. या 'कांगारू मदर केअर'ला पुढे बराच काळ गरिबांची सोय मानले गेले. हा मोठाच गैरसमज.

आई आजारी असेल किंवा दूध उतरत नसेल, तर काय? मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने २७ नोव्हेंबर १९८९ रोजी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अशा पेढीत तपासणी झालेल्या मातांचे जादा दूध एकत्र करून ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवतात, झटपट निववतात, जंतुपरीक्षेत उतरले तरच वापरतात आणि उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. या तापवण्यात काही संरक्षक घटक जातात. म्हणून पेढीचे दूध पावडरीपेक्षा सरस असले, तरी आईच्या ताज्या दुधाखालोखालच. चिकाचे चार थेंब निघाले, तरी ते आधी बाळाच्या तोंडात जायला हवेत.

१९९२ च्या कायद्याने शिशुदुग्धपर्याय आणि दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींना भारतात बंदी आली. २०१७ मध्ये केंद्र सरकारने दुग्धपेढ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. कांगारू मदर केअरबाबतचा खरा कौल २०२१ मध्ये लागला. भारतासह पाच देशांतील चाचणीत १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवल्यावर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. बाळ स्थिरावेपर्यंत थांबण्याची जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये काढून टाकली. बाळाला असे लगेच छातीशी ठेवायचे, तर नवजात अतिदक्षता विभागातच आईची खाट हवी. अनेक रुग्णालयांत ती अजून नाही.